पडताळणीचे नियम दप्तरी हवेत

(पीक विम्याच्या विमापत्रांची संगणकीय देवघेव आणि तिच्यातील नियमांची लेखी नोंद या विषयावर शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)

महाराष्ट्रातील ग्रामीण प्रशासन अनेक दशके गाव नमुन्यांवर चालत आले आहे. नमुना एक ते नमुना एकवीस ही मालिका तलाठ्याच्या दप्तराचा कणा होय. सात-बाराचा उतारा म्हणजे त्यांपैकी सातव्या व बाराव्या नमुन्यांची जोडणी, हे खेड्यातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. मात्र एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. हे नमुने नुसते छापून गावोगाव धाडले गेले नव्हते. कोणत्या रकान्यात काय लिहावयाचे, ते कोठून घ्यावयाचे, दुसऱ्या कोणत्या नमुन्याशी त्याचा मेळ घालावयाचा आणि मेळ न बसल्यास काय करावयाचे, याचे विवेचन करणारी पुस्तिका नमुन्यांच्या जोडीने असे. मुंबई इलाख्यात एफ. जी. एच. अँडरसन या मुलकी अधिकाऱ्याने सिद्ध केलेली महसुली हिशेबांची पुस्तिका 'अँडरसन मॅन्युअल' या नावाने महसूल कचेऱ्यांना परिचित आहे. रकाना भरणारा, तो तपासणारा आणि तक्रार ऐकणारा असे तिघेही एकाच पुस्तिकेकडे बोट दाखवू शकत.

संगणक आल्यावर ही जोडी फुटली. नमुना पडद्यावर दिसू लागला, आणि तो भरण्याचे नियम मात्र आज्ञावलीच्या पोटात गेले. रकान्यात काही तरी भरावे, बटन दाबावे आणि तांबड्या अक्षरांत 'अवैध माहिती' एवढे दोन शब्द उमटावेत, हा अनुभव आज कोणास नवा नाही. काय अवैध, कोणत्या नियमाने अवैध आणि तो नियम कोणी केला, या प्रश्नांचे उत्तर समोर बसलेल्या केंद्रचालकापाशी नसते. पुष्कळदा ते संबंधित खात्यापाशीही लेखी स्वरूपात नसते.

खिडकीमागची खिडकी

पीक विम्याचे उदाहरण घेतल्यास हा प्रश्न स्पष्ट होतो. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरीप हंगामापासून देशात लागू झाली. शेतकऱ्याचा अर्ज बँकेतून येतो, सामायिक सेवा केंद्रातून येतो, तसा शेतकरी स्वतः संकेतस्थळावरूनही तो भरू शकतो. या सर्व ठिकाणचे संगणक निराळे, त्यांच्या आज्ञावल्या निराळ्या. पण अर्ज अखेर एका ठिकाणी जमा होऊन त्याचे विमापत्र व्हावयाचे असते. एका संगणकाने दुसऱ्याकडे ठराविक स्वरूपात मागणी पाठवावी आणि दुसऱ्याने ठराविक स्वरूपात उत्तर द्यावे, यासाठी जी व्यवस्था करतात तिला 'वेब एपीआय' म्हणतात. तहसील कचेरीतील आवक खिडकीची उपमा तिला चालेल. फरक एवढाच की या खिडकीपुढे माणूस उभा नसतो. बँकेचा संगणक तेथे अर्ज सरकवतो, आतला संगणक तो तपासतो आणि क्षणार्धात स्वीकृतीचा क्रमांक देतो अथवा अर्ज परत करतो.

आतल्या संगणकाने ज्या कसोट्यांवर अर्ज तपासावयाचा, ते पडताळणीचे नियम. पीक अधिसूचित आहे काय, महसूल मंडळ त्या पिकासाठी अधिसूचित आहे काय, क्षेत्र सात-बाराशी जुळते काय, बँकेचा संकेतांक अकरा अक्षरांचा आहे काय, असे हे नियम असतात. वरकरणी ते किरकोळ तांत्रिक बाबी वाटतात. तथापि ज्या नियमाने एखाद्या शेतकऱ्याचा अर्ज मुदतीच्या अखेरच्या दिवशी परत येतो आणि तो हंगामभर विम्याच्या संरक्षणावाचून राहतो, तो नियम परिणामाच्या दृष्टीने प्रशासकीय आदेशच होय. आदेश म्हटला की तो लेखी हवा, त्यास आधार हवा, तो कधीपासून लागू झाला हे कळावयास हवे, आणि ज्याच्याविरुद्ध तो गेला त्यास कारण समजावयास हवे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमाने तर कर्मचारी ज्या नियम, सूचना व पुस्तिकांच्या आधारे काम करतात त्यांची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे आणि प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तीस देण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणावर घातले आहे. कर्मचाऱ्याच्या जागी संगणक बसला म्हणून या कर्तव्याचा हेतू बदलत नाही.

नियमांच्या तीन पायऱ्या

सर्व नियम एका जातीचे नसतात, आणि त्यांची नोंद करताना हा भेद राखला नाही तर पुस्तिका निरुपयोगी ठरते.

पहिली पायरी रूपाची. एकाच रकान्याकडे पाहून ठरवता येईल असे हे नियम. पिन कोडचे उदाहरण घ्यावे. ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे महाराष्ट्राचेच सुपुत्र, संस्कृतचे व्यासंगी पंडित. पिन कोड सहा अंकी असतो व त्याचा पहिला अंक शून्य नसतो. बँक शाखेच्या आयएफएससी संकेतांकात पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या स्थानी शून्य आणि पुढील सहा स्थाने शाखेची. हे शून्य म्हणजे 'ओ' अक्षर समजून लिहिणारे पुष्कळ असतात. म्हणून पाचव्या स्थानाचा नियम पुस्तिकेत ठळकपणे लिहिला तर अनेक फेऱ्या वाचतील.

आधार क्रमांकाची रचना शिक्षकांस विशेष रोचक वाटावी. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले. या बारा अंकांपैकी शेवटचा अंक ताळ्याचा आहे. प्राथमिक शाळेत शिकवला जाणारा नऊचा ताळा सर्वांना आठवत असेल. त्यात एक उणीव आहे. ४८२७ या संख्येतील अंकांची बेरीज २१, म्हणजे ताळा ३; आणि मधले दोन अंक उलटसुलट होऊन ४२८७ झाले तरी ताळा ३ च राहतो. लिहिताना माणसाच्या हातून नेमकी हीच चूक वारंवार होते. शून्याच्या जागी नऊ पडला तरी नऊच्या ताळ्यास पत्ता लागत नाही. याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली अशी एक रीत मांडली की जिच्यात एक अंक चुकला अथवा शेजारचे दोन अंक उलटले तर ते हमखास पकडले जाते. आधारचा अखेरचा अंक या रीतीने काढला जातो.

परंतु पुस्तिकेत याच्या पुढचे वाक्यही लिहिले पाहिजे, आणि तेच बहुधा राहून जाते. ताळा जुळला म्हणजे क्रमांक लिहिताना ढोबळ चूक झालेली नाही, एवढेच सिद्ध होते. तो क्रमांक कोणास दिला गेला आहे किंवा समोर उभ्या असलेल्या माणसाचाच आहे, हे त्यावरून कळत नाही. नियम काय तपासतो याच्या जोडीने तो काय तपासत नाही याची नोंद नसली, तर तपासणारा अधिकारी यंत्राच्या होकारावर नको तितका विसंबून राहतो.

दुसरी पायरी परस्परसंबंधांची. पेरणीची तारीख हंगामाच्या मर्यादेत असावी, विमा हप्ता हा विमा संरक्षित रकमेच्या ठरलेल्या प्रमाणात असावा, असे हे नियम. दोन रकाने स्वतंत्रपणे निर्दोष असूनही एकत्र चुकीचे असू शकतात.

तिसरी पायरी दप्तराशी मेळ घालण्याची. अर्जातील मजकूर कितीही सुसंगत असला तरी तो बाहेरच्या कोणत्या तरी नोंदीशी ताडून पाहावा लागतो: भूमी अभिलेख, बँकेचे खाते, अधिसूचित पिकांची यादी. येथे पडताळणीचा निकाल त्या बाहेरच्या नोंदीच्या अचूकतेवर अवलंबून राहतो. सात-बारावरील फेरफार मंजूर होऊनही संगणकात चढला नसेल, तर अर्जदार निर्दोष असूनही अर्ज परत येईल. म्हणून या पायरीच्या प्रत्येक नियमापुढे कोणत्या दप्तराशी मेळ घातला आणि ते दप्तर किती तारखेपर्यंतचे होते, हे नमूद करणे अगत्याचे आहे.

एकर, गुंठे आणि दशांश चिन्ह

क्षेत्राच्या रकान्यावर थोडे थांबणे इष्ट होईल, कारण तेथे खेड्यातील भाषा आणि संगणकाची भाषा यांची गाठ पडते. शेतकरी जमीन एकर-गुंठ्यांत सांगतो. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. सात-बारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, आणि शंभर आरांचा एक हेक्टर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. ही जवळीक सोयीची खरी, पण फसवीही आहे. 'एक एकर वीस गुंठे' असे सांगणाऱ्या माणसाचे क्षेत्र केंद्रचालक सहजपणे १.२० असे लिहितो. वस्तुतः ते दीड एकर, म्हणजे सुमारे ०.६१ हेक्टर होय. रकाना हेक्टरचा असल्याने १.२० म्हणजे जवळजवळ दुप्पट क्षेत्र नोंदले गेले.

आता नियमपुस्तिकेत 'क्षेत्र: अंक, आवश्यक' एवढीच नोंद असेल तर तिचा उपयोग काय? नोंद कशी असावी याचा नमुना असा देता येईल. रकाना: विमा क्षेत्र. एकक: हेक्टर, दोन दशांश स्थळांपर्यंत. नियम: शून्याहून अधिक, आणि त्या गटातील अर्जदाराच्या लागवडीयोग्य क्षेत्राहून अधिक नाही. आधार: योजनेच्या मार्गदर्शक सूचना व संबंधित शासन निर्णय, दिनांकासह. मेळ: भूमी अभिलेखाच्या अमुक दिनांकाच्या नोंदीशी. परतीचा मजकूर: 'विमा क्षेत्र १.२० हेक्टर लिहिले आहे. या गटातील आपले लागवडीयोग्य क्षेत्र ०.६१ हेक्टर आहे. क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिले असल्यास हेक्टरमध्ये रूपांतर करून पुन्हा भरावे.' मर्यादा: गटाचे क्षेत्र मोठे असल्यास ही चूक या नियमाने पकडली जात नाही.

शेवटच्या ओळीचे महत्त्व नजरेआड होऊ नये. ज्याची शेती दोन हेक्टर आहे त्याच्या बाबतीत १.२० हा आकडा बिनबोभाट स्वीकारला जाईल, आणि दोष उघड होईल तो नुकसानभरपाईच्या वेळी. अर्ज परत येण्यापेक्षा हे अधिक क्लेशदायक ठरते.

नाव किती अक्षरांचे?

नावाच्या रकान्याने संगणकतज्ज्ञांना जितके चकवले आहे तितके दुसऱ्या कशाने क्वचितच चकवले असेल. 'नाव तीस अक्षरांपर्यंत' हा नियम वाचावयास सोपा आहे. परंतु अक्षर म्हणजे काय? 'ज्ञानेश्वर' या नावात मराठी माणूस चार अक्षरे मोजतो. युनिकोड या संकेतप्रणालीत व्यंजन, हलन्त आणि मात्रा यांना वेगवेगळी स्थाने असल्याने तेच नाव दहा संकेतांचे होते. आणि साठवणुकीच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतास तीन बाइट लागत असल्याने ते तीस बाइटांचे भरते. म्हणजे तीसची मर्यादा बाइटांत मोजणाऱ्या यंत्रात 'ज्ञानेश्वर' कसाबसा बसेल, आणि त्याचे आडनाव दाराबाहेर राहील. पुस्तिकेत मोजमापाचे एकक लिहिले नसेल तर बँकेचा संगणक एका मापाने मोजतो, विम्याचा दुसऱ्या, आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटते.

मराठीचा एक खास पेच येथे सांगितला पाहिजे. 'कऱ्हाड' या नावातील 'ऱ' संगणकात एका संकेताने लिहिता येतो, तसा साधा 'र' आणि त्याखालील नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. छापील पानावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. पण तुलनेपूर्वी दोहोंचे एकरूप करून घेण्याची तजवीज केली नसेल, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी गावे ठरतात. अर्जदाराने कितीही वेळा डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी त्यास चूक सापडणार नाही, कारण दिसण्यासारखी चूक तेथे नाहीच. देवनागरी अंकांचेही तसेच. 'केवळ अंक चालतील' या नियमात काही आज्ञावल्या देवनागरी अंकांना अंक मानतात, काही मानत नाहीत. कोणते चालतील हे पुस्तिकेने स्पष्ट शब्दांत सांगावे, किंवा त्याहून बरे म्हणजे यंत्राने दोन्ही स्वीकारून आपल्यापुरते रूपांतर करून घ्यावे.

नावाच्या रचनेविषयीची गृहीतके तर काळाबरोबर बदलतात. स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव अशा तीन भागांचे नाव महाराष्ट्रात रूढ आहे, म्हणून 'नावाचे भाग तीनच' असा नियम कोणी केला तर तो पूर्वीही एकेरी नावाच्या माणसावर अन्याय करणारा होता. पुढे राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नावही आले: स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. ही बालके शाळेत दाखल होतील तेव्हा ज्या आज्ञावल्यांत तीन भागांचा अलिखित नियम दडून बसला आहे त्या अडखळतील. नियम लेखी असता तर शासन निर्णय निघाला त्याच दिवशी कोठे दुरुस्ती हवी त्याची यादी करता आली असती. अलिखित नियमाची यादी करता येत नाही; तो अडल्यावरच सापडतो. मुख्याध्यापकांनी ही बाब आताच ध्यानात ठेवलेली बरी.

आधार नसलेले नियम

लेखी नोंद करण्याचा सर्वांत मोठा लाभ असा की प्रत्येक नियमापुढे त्याचा आधार लिहावा लागतो, आणि लिहू लागले की काही नियमांना आधारच नाही असे आढळते. ते कोणी तरी सोयीसाठी अथवा सवयीने घातलेले असतात. समजा, महाराष्ट्रातील योजनेच्या अर्जात अर्जदाराचा पिन कोड ४ या अंकाने सुरू झाला पाहिजे असा नियम आहे. महाराष्ट्राचे पिन कोड ४ ने सुरू होतात, तेव्हा नियम शहाणपणाचा वाटतो. पण जमीन नंदुरबार जिल्ह्यात आणि राहणे पोटापाण्यासाठी सुरतेस, किंवा जमीन चंदगड तालुक्यात आणि बिऱ्हाड बेळगावात, अशी कुटुंबे थोडी नाहीत. सुरतेचा पिन कोड ३ ने आणि बेळगावचा ५ ने सुरू होतो. विमा जमिनीवरील पिकाचा असतो. मालकाच्या राहत्या पत्त्याचा त्याच्याशी संबंध नाही. कोणत्याही शासन निर्णयात नसलेली अट यंत्राने घातली, असाच याचा अर्थ होतो.

याहून गंभीर उदाहरण कुळाचे व बटाईदाराचे आहे. अधिसूचित क्षेत्रात अधिसूचित पीक घेणारे कूळ अथवा बटाईदार यांनाही या योजनेत भाग घेता येतो. 'अर्जदाराचे नाव सात-बाराच्या भोगवटादार सदरी असलेच पाहिजे' असा सरसकट नियम आज्ञावलीत बसवला, तर योजनेने ज्यांना दार उघडले त्यांच्या तोंडावर यंत्राने ते लावले असे होईल. योग्य नियम असा की नाव भोगवटादार सदरी असावे किंवा कराराचा कागद जोडलेला असावा. हा 'किंवा' गाळणाऱ्या माणसाचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. त्यास योजनेचे मूळ शब्द कोणी दाखवलेलेच नसतात.

जेथे शंका घेणे रास्त पण नाकारणे रास्त नाही, तेथे यंत्राने अडवू नये, विचारावे. एखादा आकडा नेहमीपेक्षा फार मोठा असल्यास 'खात्री करून पुन्हा पुष्टी द्यावी' एवढे पुरे. पुस्तिकेत अडवणारे आणि विचारणारे असे दोन प्रकारचे नियम वेगळे दाखवावेत.

नियमाला तारीख हवी

महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्यास केवळ एक रुपया भरून पीक विम्यात सहभागी होण्याची सोय केली होती. ती २०२५ च्या खरिपापासून बंद झाली, आणि शेतकऱ्याने आपला हिस्सा भरण्याची मूळ पद्धत परत आली. योजनेनुसार या हिश्श्याची कमाल मर्यादा खरीप अन्नधान्य व गळीत पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के आणि वार्षिक नगदी व बागायती पिकांसाठी ५ टक्के अशी आहे. पन्नास हजार रुपयांच्या संरक्षणास खरिपात कमाल एक हजार रुपये. यंत्रातील नियम बदलताना जुना पुसून नवा लिहिला तर काय होईल याचा विचार करावा. २०२३ च्या हंगामातील एखाद्या विमापत्राची तक्रार आज सुनावणीस आली आणि ते विमापत्र यंत्रात पुन्हा उघडले, तर आजच्या नियमाने त्यातील एक रुपयाचा हप्ता चुकीचा ठरेल. म्हणून प्रत्येक नियमास 'या हंगामापासून' आणि 'या हंगामापर्यंत' अशी दोन टोके हवीत. जुना नियम दप्तरातून जात नाही. तो फक्त नव्या अर्जांना लागू होईनासा होतो. कायद्याच्या पुस्तकांत हे सहज घडते, आज्ञावलीत मुद्दाम घडवावे लागते.

घड्याळाचाही एक धडा आहे. जगभरातील संगणक पुष्कळदा जागतिक प्रमाण वेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. शेतकऱ्याचा अर्ज पहाटे चार वाजता भरला गेला तर भारतात नवा दिवस उजाडू लागलेला असतो, पण अशा संगणकाच्या लेखी आदल्या दिवसाची रात्र चालू असते. 'तारीख भविष्यातील नसावी' असा नियम तेथे असेल तर आजचीच तारीख भविष्यातील ठरून अर्ज परत येईल. स्थानिक आपत्तीचे संरक्षण ज्या राज्यांत योजनेत घेतले जाते तेथे नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावयाची असते. हे ७२ तास गारपीट झाल्या क्षणापासून मोजावयाचे की त्या दिवसाच्या अखेरीपासून, सूचना पाठवल्याची वेळ धरावयाची की पोहोचल्याची, हे पुस्तिकेत शब्दांनी लिहिले नसेल तर आज्ञावली लिहिणारा त्याच्या बुद्धीस येईल तसे ठरवतो. मग धोरण ठरवण्याचा अधिकार नकळत त्याच्याकडे जातो.

पुस्तिका आणि यंत्र यांची फारकत

लेखी नियम एक आणि यंत्रातील नियम दुसरा, अशी फारकत होऊ नये म्हणून तंत्रज्ञांनी एक चांगली रीत रूढ केली आहे. २०१५ साली लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली सुरू झालेल्या उपक्रमातून 'ओपनएपीआय' हे विवरणाचे प्रमाण रूप विकसित झाले. कोणता रकाना आवश्यक, त्याची लांबी किती, लहानात लहान व मोठ्यात मोठा आकडा कोणता, कोणत्या ठराविक मूल्यांपैकीच एक चालेल, हे त्यात अशा रीतीने लिहितात की माणसालाही वाचता येते आणि यंत्रालाही. त्या एकाच लिखाणातून तपासणी आणि पुस्तिका दोन्ही निघाल्यास तफावतीस फारसा वाव राहत नाही. मात्र हे रूप पहिल्या पायरीच्या नियमांस उत्तम. परस्परसंबंधाचे आणि दप्तराशी मेळाचे नियम त्यात पुरते मावत नाहीत. नियमाचे कारण आणि शासन निर्णयाचा आधार तर माणसानेच लिहावयाचा. 'पुस्तिका आपोआप तयार होते' असे सांगणाऱ्या पुरवठादारास हा प्रश्न जरूर विचारावा.

परतीच्या उत्तराचेही प्रमाण रूप आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि २०२३ साली सुधारलेल्या एका आंतरराष्ट्रीय संकेतानुसार दोषाचा प्रकार, त्याचे शीर्षक, स्थितीचा क्रमांक, या प्रसंगीचा तपशील आणि या विशिष्ट घटनेची खूण असे पाच घटक उत्तरात देता येतात. त्यातील तपशील मराठीत असण्यास कोणतीही तांत्रिक अडचण नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. पडद्यावरील दोन ओळी त्यास अपवाद असण्याचे कारण दिसत नाही. सर्व त्रुटी एकाच वेळी सांगितल्या जाव्यात हेही पुस्तिकेने बंधनकारक करावे. एक त्रुटी दुरुस्त करून आणली की दुसरी दाखवावयाची, ही कागदी कारभारातील जुनी खोड यंत्राला शिकवण्याची गरज नव्हती.

पुस्तिका लिहावयास तिघे एकत्र बसले पाहिजेत: योजना जाणणारा कृषी अधिकारी, आज्ञावली लिहिणारा, आणि हंगामात अर्ज भरणारा केंद्रचालक. प्रत्येक नियमाखाली स्वीकारले जाईल असे एक आणि परत येईल असे एक, अशी दोन उदाहरणे लिहावीत. तीच उदाहरणे आज्ञावलीतील प्रत्येक बदलानंतर यंत्रावर चालवून पाहावीत. पुस्तिकेप्रमाणे उत्तर आले नाही तर हंगाम उघडण्यापूर्वीच ते कळते.

राहिला प्रश्न ग्रामपंचायतीच्या भिंतीचा. संपूर्ण पुस्तिका तेथे लावता येणार नाही आणि लावूही नये. पण हंगामापूर्वी नेहमी आढळणाऱ्या दहा-बारा त्रुटींची यादी क्रमांकांसह लावता येईल, आणि प्रत्येकीपुढे एक जादा रकाना असावा: ही त्रुटी कोणी दूर करावयाची. क्षेत्र अथवा पेरणीची तारीख चुकली असल्यास अर्जदाराने. खात्यावरील नाव आधारशी जुळत नसेल तर आधी बँकेच्या शाखेने आपली नोंद पाहावी. मंजूर फेरफार उताऱ्यावर दिसत नसेल तर महसूल कचेरीने. महसूल मंडळाचे अथवा गावाचे नाव यादीतच नसेल तर ती जबाबदारी योजना चालवणाऱ्या खात्याची, आणि त्यासाठी शेतकऱ्याने कोठेही हेलपाटा घालण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीने त्रुटी क्रमांक कळवून पोच घ्यावी आणि ती अर्जाच्या प्रतीस जोडून ठेवावी.